साताऱ्याला समुद्र आहे

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं, थोडी काटछाट करून केलेलं शब्दांकन.)

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरची मंडळी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून साडेपाचपासून येऊन बसलेल्या मित्रांनो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'कोकण किनाऱ्यावरील आदिम व उत्तरकालीन वस्तीच्या खुणा'. हे नाव मी दिलेलं नाही. मी फोनवर दिलेलं नाव होतं, 'साताऱ्याला समुद्र आहे'. तर संयोजक म्हणाले, सर, असं छापलं तर लोकांना वाटेल तुम्ही प्लॉट विकायला लागलात. (हशा.) त्यांचंही बरोबर आहे. निवृत्त मास्तर दोनच धंदे करतो, एक विमा आणि दुसरा प्लॉट. मी दोन्ही केले नाहीत, म्हणून आज इथं व्याख्यान देतोय.

पण विषय तोच आहे. पत्रिकेतलं नाव हे त्याचं धुऊन इस्त्री केलेलं रूप. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या खुणा बघायच्या तर किनारा कुठून सुरू होतो ते आधी ठरवावं लागतं, आणि माझं म्हणणं असं की तो आपल्या महाबळेश्वरातून सुरू होतो. हे मी आज म्हणत नाही. सातवीत असल्यापासून म्हणतोय, आणि त्यापायी एकदा मारही खाल्लाय. तेवढी हकिगत आधी सांगतो, मग मूळ विषयाकडे येतो.

सहामाही परीक्षा होती. भूगोलाच्या पेपरात प्रश्न, 'आपल्या जिल्ह्यातील नद्यांची नावे लिहा.' मी लिहिलं: कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी, येरळा, माणगंगा, नीरा. आणि शेवटी सावित्री. पेपर हातात आला तर सावित्रीवर तांबडी फुली आणि समासात गुरुजींचं अक्षर, 'कोकणातील नदी'. अर्धा मार्क गेला. अर्ध्या मार्काचं काय एवढं, असं आता वाटतं. पण मी आदल्याच वर्षी आजीबरोबर क्षेत्र महाबळेश्वराला जाऊन आलो होतो. पंचगंगेच्या देवळात उभं राहून कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री अशी एकेकीला हात लावत आजीनं नावं घेतली होती, आणि ती घेताना तिनं कुठलीच नदी वेगळी काढली नव्हती. सगळ्यांना एकच नमस्कार. ते माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, गुरुजी, सावित्रीचा उगम महाबळेश्वरात आहे, महाबळेश्वर साताऱ्यात आहे. गुरुजी म्हणाले, उगम कुठंही असो, नदी जिथं वाहते तिथली. मी म्हटलं, मग कृष्णा आंध्राची का? आपल्याकडं वाहते त्यापेक्षा तिकडं जास्त वाहते. (हशा.) तुम्ही आज हसताय. त्या दिवशी वर्गात कोणी हसलं नव्हतं. डावा हात पुढं कर म्हणाले. शाळेचं नाव घेत नाही, शाळा चांगली होती, गुरुजीही चांगले होते, अक्षर तर मोत्यासारखं. फक्त त्यांच्या नकाशात सह्याद्रीच्या पलीकडे कागद कोरा होता.

आणि तो कोरा कागद आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, त्याचंच हे दुखणं. जिल्ह्याचा नकाशा काढायला सांगा. पोरगं पश्चिमेकडची नागमोडी रेघ काढतं आणि थांबतं. पलीकडे पांढरं. जणू कड्याखाली जमीनच नाही. खरं तर आभाळ स्वच्छ असेल तर महाबळेश्वरच्या पश्चिमेकडच्या पॉइंटांवरून समुद्राची रेघ दिसते. सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास अंतर. महाबळेश्वरहून पुणंही जवळपास तेवढंच. पण पुणं आपलं आणि समुद्र परका.

बरं, जिल्हा म्हणजे तरी काय? १९४९ ला उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन झाले, १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'दक्षिण सातारा'च होतं, सांगली म्हटलं की त्यांना फक्त शहर आठवायचं. हे झालं कागदावरचं. त्याच्या आधी जावळीच्या मोऱ्यांचा मुलूख बघा. वर जावळीचं खोरं आणि खाली कोकणात रायरी. रायरी म्हणजे आजचा रायगड. एकच घराणं, घाटाच्या वरही आणि खालीही. १६५६ ला शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती काय वरच्या जंगलासाठी? घाटाच्या वाटा ज्याच्या हातात त्याच्या हातात दोन्ही बाजू, म्हणून तर लगेच प्रतापगड उभा राहिला. इथं साताऱ्यात बसून शिवचरित्र सांगायची गरज नाही, पुढं जातो. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय ते मी बघितलंय.

आता 'सडा' या शब्दाकडे या. माझा सगळा खटाटोप खरं तर या एका शब्दावर उभा आहे.

पाटण तालुक्यात सडावाघापूर आहे. हल्ली तिथं पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला झुंबड उडते, वारा पाणी वर फेकतो म्हणून. गावाच्या नावातला 'सडा' म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट, कातळाचं, झाडं नसलेलं पठार. आपलं कासही त्याच जातीचं. फुलांसाठी तिकीट काढून आपण जिथं उभे राहतो ना, तिथं पायाखाली जांभा असतो, वर बोटभर माती. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा सगळ्यांनी फुलांचे फोटो छापले. कातळाचा एकानंही छापला नाही.

आता घाट उतरून रत्नागिरीला जा. तिथंही समुद्राच्या जरा वर तशीच सपाट, उघडी पठारं. विचारा, याला काय म्हणता? सडा. शब्द तोच, दगड तोच. वर हजार-बाराशे मीटरवर एक थर आणि खाली शंभर-दोनशे मीटरवर दुसरा, मध्ये सह्याद्रीची भिंत. कोकणातली घरं ज्या चिऱ्यांची, तो चिरा म्हणजे हाच जांभा. खाणीतून काढताना ओला असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. हा गुण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुकानन नावाचा साहेब मलबारात हिंडला. तिथं लोक याच्या विटा पाडतात हे बघून त्यानं लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून याला 'लॅटराइट' नाव दिलं. आमच्या पुस्तकात तेवढंच होतं. जांभा, चिरा, कातळ, सडा हे शब्द पोरांना घरून येत होते, आणि आम्ही त्यांच्याकडून लॅटराइटचं स्पेलिंग घोकून घेत होतो. मीही घोकून घेतलंय, पापात माझाही वाटा आहे.

तर कोकणातल्या या सड्यांवर चित्रं आहेत. कातळशिल्पं म्हणतात त्यांना, कोणी कातळखोद चित्रं म्हणतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शेकड्यांनी आहेत. गावकऱ्यांना ती पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. कुठं पांडवांनी काढली म्हणतात, मालवणकडच्या कुडोपीला त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. पण सडेच्या सडे पायाखाली घालून, गुराख्यांना विचारत, झाडू घेऊन ती शोधायचं आणि नोंदवायचं काम रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गेल्या काही वर्षांत केलं. २०२२ ला उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू, देवाचं गोठणं, कुडोपी ही आपल्याकडची ठिकाणं आणि गोव्यातलं एक, अशी युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. संभाव्य हं. हॉलमध्ये कोणी टाळ्या वाजवायला लागू नका.

मी कशेळीला गेलो ती हकिगत सांगतो. ही सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. घरच्यांनी शंभरदा ऐकलीय, सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत आहेत, त्यांनी आत्ताच पदर सावरून डोळे मिटलेत. (हशा.)

माझे साडू रत्नागिरीचे. मे महिना. साडू म्हणाले, राजापूर तालुक्यात कशेळीला हत्ती आहे, भारी मोठा. मी म्हटलं चला. साताऱ्याचा माणूस मे महिन्यात 'चला' म्हणतो तेव्हा त्याला कोकणातलं ऊन माहीत नसतं. आमच्याकडचं ऊन कोरडं, टोपी घातली की भागतं. तिथं सड्यावर झाड नाही, सावली नाही, खालून कातळ तापलेला आणि वरून दमट हवा. पोहोचलो तेव्हा बाराचा सुमार. गाडीतून उतरलो, सड्यावर चालत गेलो, आणि हत्ती शोधायला लागलो.

अर्धा तास शोधला. मी आपला मास्तर, पद्धतशीर. पूर्व-पश्चिम चाललो, मग उत्तर-दक्षिण चाललो. दिसतंय काय, तर काळपट तांबडा खडबडीत कातळ, वाळलेलं गवत, मध्येच एखादी पन्हळीसारखी खोबण, ती पावसाच्या पाण्यानं पडली असेल म्हणून मी ओलांडून पुढं. साडू एव्हाना गाडीच्या सावलीत बसलेले. मी रागावलो. म्हटलं, हत्तीएवढा हत्ती आणि दिसत नाही म्हणजे काय? लोक उगाच वर्तमानपत्रात छापून आणतात.

तेवढ्यात पलीकडून एक आजी आल्या. डोक्यावर काटक्यांचा भारा, हातात कोयती. थांबल्या, माझ्याकडं बघत राहिल्या. मी विचारलं, आजी, इथं हत्ती आहे म्हणे? त्यांची बोली मला नीट जमत नाही, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. त्या म्हणाल्या, अहो, मघापासून बघतेय, तुम्ही त्याच्या पोटातच येरझाऱ्या घालताय. डोकीवर सूर्य असताना काय दिसणार? दिवेलागणीच्या आधी या.

आजी गेल्या. आम्ही कनकादित्याच्या देवळात जाऊन पडलो, पन्हं प्यालो, साडूंनी घोरून घेतलं. पाच वाजता परत. आणि मित्रांनो, खरं सांगतो, जमीन तीच, खोबणी त्याच. पण ऊन आता तिरपं झालं होतं आणि एकेका खोबणीच्या काठानं सावली भरली होती. मी मघाशी ओलांडलेली पन्हळ म्हणजे पोटाची कड निघाली. तिच्यावरून नजर नेत गेलो तर पुढं पाय, मग सोंड. लांबी अठरा मीटरच्या घरात, रुंदी तेरा. आपलं हे सभागृह त्यात मावेल. आणि आत, पोटात, सत्तरच्या वर लहान चित्रं. जनावरं, मासे, पक्षी. दुपारी ज्या कातळावर मी उभं राहून साडूंना बोल लावत होतो, तिथं एका माशाच्या शेपटीवर माझे पाय होते.

मी तिथं वाकलो आणि खोबणीत बोट घातलं. कड धारदार नाही पण अजून स्पष्ट आहे, तळाला बारीक माती साठलेली, मुंग्यांचं बीळ. वरचं कवच कडक आणि त्याखालचा जांभा मऊ. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते हेच. वरचं टणक कवच एकदा फोडलं की आतलं तासता येतं, आणि तासलेलं उघडं पडलं की तेही कडक होतं. चित्र काढणाऱ्याला दगडाचा हा स्वभाव माहीत होता. चिरे पाडणाऱ्या पाथरवटाला जे कळतं ते त्यालाही कळत होतं, आणि त्याच्याकडं लोखंड नव्हतं.

आता एक गाऱ्हाणं. ही जमीन सातबारावर कशी लागते ठाऊक आहे? पोटखराबा. म्हणजे लागवडीला निकामी. हत्तीच्या पोटात पोटखराबा! (हशा.) हसू नका, यात दुःख आहे. पोटखराबा म्हटलं की कोणी विचारत नाही. रस्ता न्या, चिऱ्याची खाण काढा, कलमं लावायला सुरुंगानं खड्डे पाडा. मी एका सड्यावर स्वतः बघितलंय, अर्धी आकृती आहे आणि अर्ध्या जागी चौकोनी खड्डा, त्यात पावसाचं हिरवं पाणी. ज्यांनी खणलं त्यांना दोष देत नाही, त्यांच्या कागदावर तिथं काहीच नव्हतं. एका कार्यालयात जाऊन मी तोंडी तक्रार सांगितली. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, तुम्ही त्या गावचे का? म्हटलं नाही, साताऱ्याचा. म्हणाले, मग तुमचा काय संबंध? (थांबून.) हाच प्रश्न आहे आजच्या व्याख्यानाचा. उलट उक्षीला बघा, गावकऱ्यांनीच पुढाकार घेतला, चित्राला कठडा करून घेतला. तिथं कोणी कोणाला संबंध विचारत बसलं नाही.

देवाच्या गोठण्याला एका माणसाची आकृती आहे, तिच्यावर होकायंत्र धरलं की सुई भलतीकडे वळते. ते मी करून बघितलंय, आमच्या शाळेचं जुनं होकायंत्र नेलं होतं. काही जण यावरून परग्रहवासी आणतात. आणू देत. जांभ्यात लोखंड भरपूर असतं एवढं त्यांच्या कानावर घालून ठेवा.

चिठ्ठी आली. 'पंधरा मिनिटे.' अक्षर बरं आहे, पण ही चिठ्ठी दहा मिनिटं उशिरा पाठवलीय असं माझं मत आहे. ठीक. आता मूळ विषय. भराभर सांगतो, टिपणं काढणाऱ्यांनी काढा.

या चित्रांचं वय काढायला सरळ मार्ग नाही. दगडात खोदलंय, रंग नाही, कोळसा नाही, की ज्याची तारीख लागावी. पण चित्रांत नांगर नाही, बैलजोडी नाही, शेतीचं काहीच नाही. काही ठिकाणी गेंडा आहे. कोकणात आज गेंडा कुठं? म्हणजे काढणारे शेतकरी नव्हते, शिकारी आणि गोळा करून खाणारे होते, आणि आजूबाजूचं रान वेगळं होतं. म्हणून अभ्यासक ती दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागं नेतात. सगळी एका काळातली नसतीलच, भौमितिक चौकटी वेगळ्या हाताच्या दिसतात.

आता समुद्र. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग भरात होतं, जगातलं पाणी बर्फात अडकलेलं, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढं पाण्याखाली रुंद, उथळ पठार आहे. ते त्या वेळी उघडी जमीन होती, किनारा कित्येक मैल पश्चिमेला. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीला आलं. म्हणजे चित्रं जर तेवढी जुनी असतील, तर ती काढली तेव्हा कशेळीचा सडा समुद्रकाठी नव्हता. समुद्र लांब होता आणि सडा मधल्या मुलखात, जवळजवळ साताऱ्यासारखा! तरीही कोकणातल्या या चित्रांत शार्क आहे, पाकट मासा आहे. म्हणजे ही माणसं समुद्रावर जाऊन येणारी होती. डोंगर आणि दर्या एका फेरीत धरणारी. किनाऱ्यावरच्या वस्तीच्या खुणा शोधायला आपण वाळूत जातो, आणि त्या वस्तीचा अर्धा भाग पाण्याखाली गेलाय व अर्धा वर सड्यावर आहे.

दगडी हत्यारांचं एका वाक्यात सांगतो. गुहागरजवळ पालशेतला सुसरोंडीची गुहा आहे, तिथं डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठ्यांनी उत्खनन केलं, दगडी हत्यारं मिळाली. मुंबईत १९३०च्या सुमारापासून टॉड नावाचा नौदलातला अधिकारी कांदिवली, मढ अशा जागी हिंडून गारगोटीची बारीक पाती गोळा करत होता. नखाएवढी असतात ती, लाकडात खोचून बाण-कोयते करायचे. नोकरी आगबोटीची आणि नाद दगडांचा. माझ्यासारखाच, फक्त पेन्शन बरी असणार.

किनाऱ्यावर करल बघा कधी. वाळू आणि शिंपले चुन्यानं घट्ट चिकटून झालेला दगड. जुन्या भिंतींत, विहिरींत लावलेला दिसतो. समुद्र कुठं कुठं उभा होता ते करल सांगतो. कोकणातल्या बांधकामातून तो हाताला लागतो, मुद्दाम शोधावा लागत नाही. पाच मिनिटं? बरं.

मग इतिहासकाळ. इथं उलटं झालं. समुद्र जागेवर राहिला आणि गाळानं खाड्या भरत गेल्या, बंदरं सरकत गेली. सोपारा बघा. १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. एवढं मोठं बंदर, आज तिथं जहाज नेऊन दाखवा. महाडपर्यंत भरतीच्या पाण्यावर होड्या येत, आणि महाडला काय आहे? गांधारपाल्याची लेणी. ती खाडी कुठल्या नदीची? सावित्रीची! आणि तिच्यातला गाळ कुठला? महाबळेश्वरच्या कड्यांचा, प्रतापगडच्या रानाचा. आमचे गुरुजी आज असते तर मी म्हटलं असतं, गुरुजी, नदी जिथं वाहते तिथली हे मान्य, पण माती आमची आहे.

ती माणसं घाट चढत-उतरत होती याचा पुरावा मागाल, तर कशेळीचंच घ्या. गावात कनकादित्य. आख्यायिका अशी की वेरावळकडून गलबतातून आदित्याची मूर्ती चालली होती. गलबत कशेळीसमोर अडलं, मूर्ती समुद्रकाठच्या घळीत ठेवली, ती जागा देवघळी. पुढं कनका नावाच्या बाईनं ती गावात आणून बसवली. ही झाली समुद्राकडून आलेली गोष्ट. आणि त्याच कशेळीचं दान दिल्याचा दुसऱ्या भोज शिलाहाराचा ताम्रपट आहे, शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१. भोज कुठला? पन्हाळ्याचा. घाटावरचा राजा समुद्रकाठचं गाव दान देतोय. एकाच गावात सड्यावर शिकाऱ्यांचा हत्ती, घळीत गुजरातेतून आलेला देव, आणि कागदपत्रात, म्हणजे तांब्यात, पन्हाळ्याचा राजा.

कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात काय सापडलं? पोसायडनची ब्राँझची मूर्ती. रोमन जगातली, हातात मावेल एवढी, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, जाऊन बघा. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठावर समुद्रदेव! तो काही पोहत आला नाही. कुठल्या तरी बंदरात उतरला आणि बैलाच्या पाठीवरून घाट चढला.

आणि आता कराड. अध्यक्षमहाराज, दोनच मिनिटं, हे मी शेवटी मुद्दाम ठेवलंय. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूतचा स्तूप. सातारा नव्हे, सतना, नाहीतर उद्या बातमी चुकीची यायची. तिथल्या एका लेखात 'करहकट' नावाच्या गावानं दान दिल्याची नोंद आहे. हे करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड, असं अभ्यासक मानतात. एवढ्या लांब उत्तरेला आपल्या गावाचं नाव. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते कुड्याचं. रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीकाठी, मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत, सव्वीस. तिथं दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. त्यात वैद्य आहे, माळी आहे, लेखनिक आहे. आणि एक आहे महिक. लेखात त्याची ओळख दिलीय, 'करहाकडकस लोहवाणियस'. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. त्यानं तिथं एक लेणं करून दिलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी.

कऱ्हाडच्या माणसाला कुड्याला जायचं तर कुठला तरी घाट उतरावाच लागतो. कुंभार्ली उतरा नाहीतर पारघाट, नाहीतर वरंधा. लेखात घाटाचं नाव नाही, किती दिवस लागले ते नाही. नाव, गाव आणि धंदा, बस्स. खाडीकाठच्या त्या लोकांना 'कऱ्हाडचा' एवढं सांगितलं की पुरत होतं. त्यांच्या डोक्यातल्या नकाशात सह्याद्रीच्या अलीकडचा कागद कोरा नव्हता. महिकाला कोणी विचारलं नाही, तुमचा इथं काय संबंध.

अध्यक्ष उठले. थांबतो. फक्त एक सूचना, संयोजकांनी सांगायला सांगितलीय. कशेळीच्या सहलीची गाडी शनिवारी सकाळी साडेनऊला निघेल. इतक्या उशिरा का, असं तिघांनी विचारलं. दुपारी पोहोचायचं नाही म्हणून. मुक्काम तिकडेच, रविवारी परत. टोपी विसरलात तरी चालेल, पण दर दोघांत एक झाडू आणा. खराटा नको, खराट्यानं कड खरवडते. आपला घरातला, मऊ केरसुणीचा.